ॲक्सोलॉटलच्या टाकीत झाडं लावायची, तर उजेड किती, कुठे आणि केव्हा

ॲक्सोलॉटल हा जन्मभर पाण्यातच राहणारा, कल्ले असलेला उभयचर प्राणी. त्याला पापण्या नसतात. डोळे मिटून घेण्याची सोय त्याच्याकडे नाही, आणि टाकीवरचा दिवा रोज सहा-सात तास त्याच्या डोक्यावर असतो. पाण्यातल्या झाडांचं मात्र उजेडाशिवाय पान हलत नाही. बहुतेक जण यातून मधला मार्ग काढतात तो असा: दिवा मंद करायचा आणि सगळ्या टाकीत सारखाच अंधुक उजेड ठेवायचा. त्यात झाडं हळूहळू कुजतात आणि प्राण्यालाही लपायला खरा अंधार मिळत नाही. त्यापेक्षा टाकी उजळायचीच नाही असं ठरवून टाका. उजळायची ती झाडं. टाकीचा एक भाग झाडांना पुरेल इतका उजेडात, दुसरा भाग जवळजवळ काळोखात, आणि कुठे बसायचं हे प्राण्यावर सोपवायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

ॲक्सोलॉटल मूळचा मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला असलेल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला. समुद्रसपाटीपासून साधारण २,२०० मीटर उंचावरचं थंड, गढूळ, पाणवनस्पतींनी भरलेलं पाणी. त्या गढूळपणात आणि झाडांच्या सावलीत तो दिवस काढतो आणि तिन्हीसांजेनंतर शिकारीला निघतो. आपल्याकडच्या दिवाणखान्यातली स्वच्छ पाण्याची, पांढऱ्या वाळूची, झगझगीत दिव्याची टाकी हे त्याच्या घराचं अगदी उलटं रूप आहे.

दिव्याआधी कागद. हा प्राणी 'सायटीस' म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. विकणारा कागदांचा विषय टाळत असेल, तर प्राणी घेऊ नका.

किती उजेड

आकडे नुसते हवेत राहू नयेत म्हणून एक टाकी धरू: लांबी ३ फूट, रुंदी दीड फूट, उंची दीड फूट. एका मोठ्या ॲक्सोलॉटलला ऐसपैस आणि दोघांना जेमतेम. प्राणी उडी मारू शकतो म्हणून पाणी काठाखाली सहा-सात सेंटीमीटर ठेवायचं, म्हणजे पाण्याची खोली ३८ सेंटीमीटरच्या आसपास आणि पाणी सुमारे १५५ लिटर.

झाडांना मिळणारा उजेड 'पार' या मापात मोजतात. अनुबियास, जावा फर्न, मॉस अशा सावलीतल्या झाडांना पानाजवळ १५ ते ३० पार पुरतो. पार मीटर महाग असतो आणि हौशी माणसाला त्याची गरज नाही. अँड्रॉइड फोनवरचं लक्स, म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड, मोजणारं ॲप पुरेसं आहे. पांढऱ्या ६५०० केल्व्हिनच्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ६५ ते ७० ने भागलं की ढोबळ पार मिळतो. म्हणजे आपल्याला झाडांजवळ १,००० ते २,००० लक्स हवेत. वर्तमानपत्र वाचायला लागणाऱ्या उजेडापेक्षा बऱ्यापैकी जास्त, पण दुकानात 'प्लांटेड टँक'साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या दिव्यांपेक्षा पुष्कळ कमी.

हे मोजमाप टाकीत पाणी भरण्याआधीच करून घ्या. खोलीतले दिवे बंद करा, पडदे ओढा, दिवा त्याच्या जागी ठेवा आणि फोन टाकीच्या तळावर स्क्रीन वर करून आडवा ठेवा. उजेडाचा सेन्सर बहुतेक फोनमध्ये वरच्या कडेला, कानाला लावायच्या भागाजवळ असतो. वाकून बघताना तुमच्याच डोक्याची सावली त्यावर पडली तर आकडा खोटा येतो. पाच ठिकाणी वाचन घ्या: दिव्याखाली, दोन्ही टोकांना, लपायच्या जागेच्या तोंडाशी आणि त्या जागेच्या आत. दिव्याखाली १,०००च्या वर, अंधाऱ्या टोकाला २००च्या खाली आणि लपणीच्या आत जवळजवळ शून्य आलं, की मांडणी जमली. फोनचा आकडा थोडा इकडेतिकडे असणार हे धरून चाला. आपल्याला प्रयोगशाळेचा निकाल नको आहे, उजेड-अंधारातला फरक कळायला हवा आहे.

एक गोष्ट या टाकीत आपल्या बाजूने असते. ॲक्सोलॉटलचं पाणी १६ ते १८ अंशांवर ठेवायचं असतं, आणि थंड पाण्यात झाडांचा श्वसनावर होणारा खर्च कमी होतो. त्यामुळे जगून राहायला त्यांना लागणारा किमान उजेडही घटतो. २६ अंशांच्या माशांच्या टाकीत ज्या उजेडात जावा फर्न कसाबसा तग धरेल, त्याच उजेडात तो इथे निवांत राहतो. वाढ मात्र सावकाश होते. महिन्याला एखादं-दुसरं नवीन पान दिसलं तर काही बिघडलेलं नाही. इथेच घाई नडते: झाड वाढत नाही म्हणून दिवा वाढवला जातो, झाड थंडाव्यामुळे तो उजेड वापरू शकत नाही आणि उरलेला उजेड शेवाळ खाऊन टाकतं.

कोणता दिवा

वर धरलेल्या टाकीला १० वॉटची, २ फुटी, 'कूल डेलाइट' म्हणजे ६५०० केल्व्हिनची एलईडी बॅटन पुरते. वॉटला १०० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) धरले तर ती हजारेक ल्युमेन देते, आणि अर्ध्या मीटरवरच्या तळाशी साधारण १,००० लक्स पोचतात. वॅलिसनेरियासारखं थोडं जास्त उजेड मागणारं झाड लावायचं असेल, तर अशाच दोन बॅटन घ्या आणि दुसरीला वेगळा स्विच द्या. ३ फुटी टाकीला २ फुटीच दिवा मुद्दाम सांगितला आहे. तो मधोमध न ठेवता एका टोकाला सरकवायचा, म्हणजे उरलेला फूटभर भाग आपोआप सावलीत येतो. टाकीच्या लांबीएवढा दिवा घेतला की हा फायदा गेला.

मत्स्यालयासाठीच बनवलेला, मंद करता येणारा १२ व्होल्टचा एलईडी बार मिळाला तर तो सर्वांत सोयीचा. बॅटन स्वस्त असते, पण ती थेट २३० व्होल्टवर चालते आणि तिला पाण्याची सवय नसते. ती उघड्या पाण्यावर टांगू नका. काचेच्या झाकणाच्या वर, स्टँडवर किंवा भिंतीतल्या ब्रॅकेटवर बसवा.

घ्यायचे नाहीत असे दिवे: जांभळट उजेडाचे 'ग्रो लाइट', ज्यात झाडं काळपट दिसतात आणि काय चाललंय ते कळत नाही, समुद्री टाकीचे निळे दिवे, बागेतले ५० वॉटचे फ्लडलाइट, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी विकले जाणारे अतिनील दिवे. ॲक्सोलॉटलला अतिनील किरणांची गरज नसते. तो ऊन खायला दगडावर बसणारा कासव नव्हे.

आता उष्णतेचा हिशेब, कारण या टाकीत खरी लढाई तिचीच असते. दिव्यात गेलेली वीज शेवटी उष्णताच होते. २० वॉटचा दिवा सात तास चालला तर ५०४ किलोज्यूल; १५५ लिटर पाण्याला एक अंश तापवायला सुमारे ६५० किलोज्यूल लागतात. सगळी उष्णता पाण्यात उतरली असं धरलं तर पाऊण अंश वाढ. प्रत्यक्षात बरीचशी दिव्याच्या पाठीमागून हवेत जाते, म्हणून वाढ त्याहून कमीच असते. हाच हिशेब ६० वॉटच्या झगझगीत दिव्याला लावला की सव्वादोन अंश येतात, आणि १८ अंशांवरून २०च्या पुढे जाणं म्हणजे प्राण्याच्या सुखाची हद्द ओलांडणं. दिवा झाकणावर टेकवून न ठेवता चार-पाच सेंटीमीटरची फट ठेवली की पाठीमागची उष्णता सुटायला वाट मिळते.

उन्हाळ्यात काहींचा भरवसा पंख्यावर असतो. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं हे खरं, पण ते हवेतल्या दमटपणाने ठरणाऱ्या मर्यादेच्या खाली जात नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हवाच ओलीचिंब, तिथे पंखा जवळजवळ निरुपयोगी. नागपूरच्या कोरड्या मेमध्ये तो चांगला चालतो, तरी पाणी चोवीस-पंचवीसच्या खाली उतरत नाही. माठातलं पाणी गार लागतं, पण ॲक्सोलॉटलला लागणारा गारवा त्याच्याही पलीकडचा आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी चिलर किंवा सतत एसी असलेली खोली यांना पर्याय नाही, आणि हा खर्च परवडणारा नसेल तर दिव्याचा प्रश्न पुढे नेण्यात अर्थ नाही.

बसवताना

आधी टाकीची जागा. दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडकीपासून लांब. उत्तरेची खिडकी बरी म्हणतात, पण ते वर्षभर खरं नसतं. मार्चच्या विषुवदिनानंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येऊ लागतं. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर येणाऱ्या शून्य सावलीच्या दिवसापासून जुलैच्या अखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीच्या दिवसापर्यंत तर दुपारचा सूर्यही उत्तरेकडे झुकलेला असतो. डिसेंबरात पाहून ठरवलेली 'बिनउन्हाची' भिंत त्यामुळे ऐन मे महिन्यात दगा देते. उन्हाचा पट्टा दिवसातून अर्धा तास जरी काचेवर आला, तरी तुम्ही टायमरने केलेला सगळा हिशेब त्यापुढे फिका पडतो. तिथे जाड पडदा लावा.

टाकीच्या मागच्या आणि अंधाऱ्या टोकाकडच्या काचेला बाहेरून काळा कागद किंवा फिल्म चिकटवा. तळाला पांढरी वाळू टाळा: वरून आलेला उजेड तिच्यावरून उलटा फिरून खालूनही डोळ्यांवर येतो, आणि खालच्या उजेडापासून लपायला कोणतंच छत कामाचं नसतं. गडद, एक मिलिमीटरहून बारीक वाळू घ्या किंवा तळ उघडा ठेवून खाली काळा कागद लावा. खडे नकोतच, ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाण्यासकट जे येईल ते ओढतो, आणि गिळलेला खडा आतड्यात अडकतो. दगड ठेवायचे तर त्याच्या डोक्याहून मोठे.

दिवा उजव्या टोकाला असेल तर लपायच्या जागा डाव्या अर्ध्यात. ४ इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, दोन्ही कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेला, हे सर्वांत स्वस्त आणि उत्तम घर. मातीची कुंडी आडवी अर्धी गाडली तरी चालते. प्रत्येक प्राण्यामागे एक आणि वर एक जास्तीची. पाइपचं तोंड दिव्याकडे करू नका, मागच्या काचेकडे तिरकं करा. नाहीतर आतपर्यंत उजेडाची पट्टी जाते आणि बसणाऱ्याला घर मिळूनही अंधार मिळत नाही.

वायरिंगचं थोडं. दिव्याची, पंपाची, चिलरची प्रत्येक वायर सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. अडॅप्टर टाकीच्या खाली जमिनीवर न ठेवता बाजूला उंचावर ठेवा. त्या सर्किटवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. तो नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग टाकी.

उजेड जास्त वाटला आणि दिव्याला मंद करायची सोय नसेल, तर दिवा उंच करा. तेही जमत नसेल तर डासांच्या नायलॉन जाळीचा तुकडा झाकणाच्या काचेवर पसरा आणि फोनने पुन्हा मोजा. हवा तो आकडा येईपर्यंत पदर वाढवत जा. हे दिसायला गबाळं, पण काम चोख. फक्त जाळी दिव्याला चिकटू देऊ नका.

झाडं कोणती आणि कुठे

या टाकीत झाडाला तीन परीक्षा द्याव्या लागतात: थंडी, कमी उजेड आणि रात्री वाळू उकरत हिंडणारा वीस-पंचवीस सेंटीमीटरचा प्राणी. तिन्हींत उत्तीर्ण होणारी मोजकीच.

अनुबियास आणि जावा फर्न पहिल्या रांगेत. दोघांचा आडवा खोडकंद वाळूत पुरला की कुजतो. तो मोठ्या दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांधा किंवा सुपरग्लू जेलच्या दोन थेंबांनी चिकटवा. जेल पाण्यात लगेच घट्ट होतं आणि त्याचा त्रास होत नाही. अनुबियासची पानं महिनोन्‌महिने तीच राहतात, म्हणून दिव्याच्या थेट खाली ठेवली तर त्यांच्यावर हिरवे ठिपके धरतात. त्याला दिव्याच्या कडेला, अर्ध्या सावलीत बसवा. थेट खालची जागा वॅलिसनेरियाला द्या.

वॅलिसनेरियाची आणि ॲक्सोलॉटलची पाण्याबाबतची आवड जुळते. प्राण्याला जरा जड पाणी लागतं, पीएच ७.४ ते ७.६च्या आसपास, आणि वॅलिसनेरिया अशा पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकते. म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय ती तग धरते. थेट वाळूत लावलेली रोपं मुळं धरायच्या आतच रात्री उपटली जातात. त्यापेक्षा चार-पाच इंची मातीच्या कुंडीत लावा, वर मोठे गोटे ठेवा, आणि दीड-दोन महिन्यांनी धावते फुटवे बाहेर पडले की त्यांना वाळूत जाऊ द्या. हायड्रिलाही असंच जड पाण्यातलं काटक झाड. मात्र ते ओढ्यातून किंवा तलावातून उपटून आणू नका, त्याच्याबरोबर जळवा, गोगलगायी आणि शेतातल्या औषधांचे अंश घरी येतात.

पृष्ठभागावर तरंगणारी झाडं हा या टाकीतला सर्वांत गुणी दिवा-नियंत्रक. साल्व्हिनिया पहिल्या पसंतीची. ती हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरते, पाण्यातलं नायट्रेट ओढते आणि खाली ठिपक्याठिपक्यांची सावली पाडते, मूळच्या पाण्यासारखी. डकवीड तेच काम करतं, पण एकदा शिरलं की फिल्टरपासून प्राण्याच्या कल्ल्यांपर्यंत सगळीकडे पोचतं आणि मग ते हद्दपार करणं म्हणजे लग्नातल्या अक्षता वेचणं. तरंगती झाडं अंधाऱ्या भागावरच राहावीत म्हणून एअर पाइपचा तुकडा गोल जोडून पाण्यावर तरंगता सोडा आणि झाडं त्याच्या आत किंवा बाहेर अडवा. निदान एक-तृतीयांश पृष्ठभाग मोकळा हवा. ॲक्सोलॉटल अधूनमधून वर येऊन हवा गिळतो.

लाल पानांची झाडं, तळाला गालिचा धरणारी झाडं, मऊ खोडाची नाजूक झाडं विसरा. त्यांना लागणारा उजेड इथे देता येत नाही आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड पाण्याचा पीएच पाडतो. 'लिक्विड कार्बन' नावाने मिळणारं द्रव बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं, जे हत्यारं निर्जंतुक करायला वापरतात. ॲक्सोलॉटलची त्वचा पाण्यातलं बरंच काही शोषून घेते, म्हणून ते थेंबभरसुद्धा नको. खताचं तसंच: नत्र आणि स्फुरद प्राण्याच्या विष्ठेतून भरपूर मिळतं. जावा फर्नच्या जुन्या पानांना भोकं पडू लागली तर पोटॅशची कमतरता समजा आणि तांबं नसलेलं द्रवखत, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या चौथा हिस्सा, आठवड्याच्या पाणीबदलानंतर द्या. मुळाशी घालायच्या खताच्या गोळ्या वाळूत मोकळ्या पुरल्या तर उकरून गिळल्या जातात.

देशी बदामाची वाळलेली पानं टाकून पाणी चहासारखं करायचा मोह कोकणात आणि मुंबईत अनेकांना होतो, झाड दारातच असतं. रंगीत पाण्याने उजेड खरोखर मवाळ होतो. पण त्यातला टॅनिन पीएच खाली ओढतो आणि तळाच्या झाडांपर्यंत उजेड पोचत नाही. १५५ लिटरला एखादं पान, तेही पाण्याचा जडपणा तपासत, याच्या पुढे जाऊ नये.

वेळापत्रक

नवीन टाकीला पहिले दोन आठवडे रोज पाच तास. नंतर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत सात तासांवर थांबा. माशांच्या टाकीला आठ-दहा तास देतात म्हणून इथेही द्यायची गरज नाही.

हे सात तास सलग नकोत. सकाळी ७ ते १०:३० आणि संध्याकाळी ५:३० ते ९ असे दोन तुकडे आपल्या हवामानाला सोयीचे. दुपारी, जेव्हा खोली सर्वांत तापलेली आणि चिलर सर्वांत दमलेला असतो, तेव्हा दिव्याची भर पडत नाही. मधल्या वेळात झाडांनी वापरलेला कार्बन डायऑक्साइडही पाण्यात पुन्हा थोडा साठतो. आणि माणसं घरी असतात तेव्हाच टाकी उजळलेली असते, हा फायदाही काही लहान नाही.

टायमर घेताना एक खोड माहीत असू द्या. चकतीवरच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या दाबायचा स्वस्त टायमर स्वतःच विजेवर फिरतो. भारनियमनात वीज दोन तास गेली की त्याचं घड्याळ दोन तास मागे पडतं. असं दोन-तीनदा झालं की दिवा मध्यरात्री लागू लागतो, आणि घरातले सगळे झोपलेले असल्याने आठवडाभर कुणाला पत्ता नसतो. 'वेळ ठरवून दिली आहे, तरी शेवाळ का' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा हेच निघतं. बॅटरी असलेला डिजिटल टायमर किंवा वेळ इंटरनेटवरून घेणारा स्मार्ट प्लग घ्या.

काळोखात एकदम दिवा लागला तर ॲक्सोलॉटल दचकून उसळतो. काचेवर नाक आपटतं, क्वचित झाकण नसेल तर बाहेरही पडतो. म्हणून आधी खोलीतला दिवा लावा किंवा पडदा उघडा आणि पंधरा-वीस मिनिटांनी टाकीचा दिवा लागू द्या. बंद करतानाचा क्रम उलटा: आधी टाकी, नंतर खोली. दोन बॅटन असतील तर दुसरी अर्ध्या तासाने लागेल आणि अर्धा तास आधी विझेल अशी लावा. रात्रभर चालणारे निळे 'मूनलाइट' दिवे बंदच ठेवा. त्याला रात्र ही रात्रीसारखीच हवी.

शेवाळ आलं तर

पहिल्या महिन्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी पूड धरते. ती नव्या टाकीची खूण आहे, बोटाने पुसली जाते आणि काही आठवड्यांत ओसरते. दिव्याला हात लावू नका.

हिरवे लांब धागे किंवा काचेवर रोज धरणारा हिरवा थर दिसला तर उजेड झाडांच्या कुवतीहून जास्त आहे. एक तास कमी करा, दोन आठवडे थांबा, मग पुढचं ठरवा. एकाच वेळी वेळ, उंची आणि खत तिन्ही बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. धागे जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा. पाणीच हिरवं झालं तर बहुतेक वेळा खिडकीतलं ऊन जबाबदार असतं. टाकीला तीन दिवस जाड कापड गुंडाळून पूर्ण काळोख करा. प्राण्याला तो आवडतोच. फक्त मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया वाढतो, म्हणून रोज तपासणी करा आणि कापड काढल्यावर एक-तृतीयांश पाणी बदला.

शेवाळ मारायची औषधं वापरू नका. त्यांतल्या अनेकांत तांबं असतं आणि ते उभयचरांना मारक आहे. शेवाळ खाणारे मासेही नकोत: प्लेको रात्री ॲक्सोलॉटलच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो आणि छोटे मासे त्याच्या घशात अडकतात.

आणि एक साधी गोष्ट. झाकणाच्या काचेवर आतून क्षारांचा पांढरा थर साचत जातो आणि झाडांना मिळणारा उजेड गुपचूप घटतो. दर पंधरवड्याला पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसून, साध्या पाण्याने धुऊन पुन्हा बसवा. झाडं खंगली म्हणून दिवा वाढवण्याआधी झाकण बघा.

प्राणी काय सांगतो

दिवा लागल्यावर प्राणी सावलीत जाऊन शांत बसला तर तो घाबरलेला नाही, तो त्याचा स्वभाव आहे. काळजी करायची ती खुणा बघून: कल्ले पुढच्या बाजूला वळलेले, शेपटीचं टोक आकडीसारखं वाकलेलं, काचेला घासत सतत येरझारा, आवडतं गांडूळही नाकारणं. पण या खुणा उजेडापुरत्या नसतात. पुढे वळलेले कल्ले फिल्टरचा प्रवाह जोराचा असल्याचंही सांगतात, आणि अन्न नाकारणं तापलेल्या किंवा बिघडलेल्या पाण्याचंही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तापमान, मग अमोनिया आणि नायट्राइट, जे दोन्ही शून्य हवेत, मग प्रवाह. सगळं ठीक निघालं तर दोन दिवस दिवा पूर्ण बंद ठेवा. दोन दिवसांत कल्ले पूर्ववत झाले तर दोष उजेडाचा. मग पुन्हा सुरू करताना पाऊण तासाने वेळ कमी करा किंवा जाळीचा एक पदर वाढवा.

रंगानुसार फरक पडतो. गडद रानटी रंगाचे आणि काळे प्राणी उजेड बऱ्यापैकी सोसतात. पांढऱ्या अंगाचे पण काळ्या डोळ्यांचे ल्युसिस्टिक जरा नाजूक. सोनेरी किंवा पांढरे अल्बिनो सर्वांत नाजूक, कारण त्यांच्या डोळ्यांतही रंगद्रव्य नसतं. अल्बिनोच्या टाकीत वर दिलेले सगळे आकडे निम्म्यावर आणा: झाडांजवळ ५०० ते १,००० लक्स. वॅलिसनेरिया सोडून द्या; अनुबियास, जावा फर्न, मॉस आणि वर दाट साल्व्हिनिया एवढ्यावर टाकी हिरवीगार राहते.

गांडूळ द्यायची वेळ दिवा विझल्यानंतर अर्ध्या तासाची ठेवा, म्हणजे तो आपणहून बाहेर येतो. गांडूळ उघड्या तळावर टाका, झाडांत नको. मॉसमध्ये शिरलेलं गांडूळ तिथेच मरून सडतं. बघायचं असेल तर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातला मंद दिवा लावा किंवा टॉर्चवर दोन बोटं धरून उजेड भिंतीवर पाडा. टॉर्च थेट काचेवर मारलीत, तर तो पुन्हा पाइपात गेलेला दिसेल.